38 टन आणि एक गळलेलं अक्षर

सुरुवात एका फॉर्मपासून झाली. 8 जानेवारी 2025 ला आमच्या छापखान्याच्या एका मोठ्या ग्राहकाचा मेल आला: सर्व पुरवठादारांनी 2024 सालचं आपलं कार्बन उत्सर्जन कळवावं आणि ‘ऑफसेट करता का?’ (छपाईतला ऑफसेट नव्हे; आपण सोडलेल्या कार्बनची भरपाई दुसरीकडे पैसे देऊन करता का) या चौकटीत हो किंवा नाही लिहावं. मुदत पंधरा दिवस. छापखाना मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. तो म्हणाला, “ताई, कुठल्यातरी साइटवर पैसे भर, सर्टिफिकेट घे आणि हो लिहून टाक. एवढं काय त्यात?”

मलाही तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात तो फॉर्म गेला 16 जूनला. मधे ग्राहकाकडे दोनदा मुदत वाढवून मागितली, आणि दोन्ही वेळा ती एका ओळीच्या मेलवर मिळाली. तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगते: मुदत मागायला लाजू नका. घाईत पाठवलेला चुकीचा आकडा पुढच्या वर्षी आपल्याच मानगुटीवर बसतो, कारण पुढची तुलना त्याच्याशीच होते.

हात घालतोच आहोत तर घराचाही हिशेब करू, असं ठरवलं. विमानाचं तिकीट काढताना ‘थोडे पैसे जास्त भरा, प्रवास ऑफसेट करा’ अशी चौकट मी दोनतीनदा टिक केली होती. ते पैसे पुढे कुठे गेले, ते विचारायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

जानेवारी गेला बिलं गोळा करण्यात. बारा महिन्यांची विजेची बिलं, व्हॅनच्या डिझेलच्या पावत्या, घरच्या गाडीचं पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, कागदाची खरेदी, विमानाची तिकिटं. माझा अंदाज दोन संध्याकाळींचा होता, लागले तेवीस दिवस. डिझेलच्या पावत्यांवरची शाई उडून गेली होती. पेट्रोल-डिझेलची पावती त्याच दिवशी फोनवर टिपून ठेवावी, हे शहाणपण मला या तेवीस दिवसांनी दिलं. विजेचं मात्र सोपं. रकमेकडे बघायचंच नाही, फक्त युनिट उतरवायची.

पुढे गुणाकार. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलला 2.7 किलोच्या आसपास, एलपीजीला किलोमागे 3 किलो. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोही भरत नाही, मग धूर सव्वादोन किलोंचा कसा, याचा मला उलगडा होईना. उत्तर सोपं निघालं. जळताना इंधनातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि बहुतेक वजन त्या ऑक्सिजनचंच असतं. विजेला असा एक जागतिक गुणक नाही. कोळशावरची वीज आणि धरणावरची वीज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे आपापल्या देशातल्या वीजजाळ्याचा अधिकृत गुणक शोधून तोच घ्यायचा.

छापखान्याचं गणित मांडायला ‘जीएचजी प्रोटोकॉल’ हा ढाचा वापरला. त्याचा कंपन्यांसाठीचा पहिला दस्तऐवज 2001 मध्ये आला आणि बहुतेक फॉर्म त्याच्याच भाषेत बोलतात. स्कोप 1 म्हणजे आपण स्वतः जाळलेलं किंवा आपल्याच यंत्रांतून निसटलेलं. स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप 3 म्हणजे उरलेलं सगळं जग: कच्चा माल, वाहतूक, कर्मचाऱ्यांचं येणं-जाणं, कचरा. स्कोप 3 चे पंधरा प्रकार आहेत. ती यादी वाचून मी एक दिवस कागद मिटून ठेवले होते. शेवटी आम्ही फक्त कागद मोजला आणि बाकीचं मोजलं नाही असं स्पष्ट लिहिलं. तसं लिहायला काही हरकत नसते. न लिहिता वगळलं की मग पंचाईत होते.

या सगळ्यात मला धक्का दिला तो एका फाटक्या पावतीने. छपाईयंत्राच्या खोलीतला एसी दोनदा थंडावा धरेना म्हणून मेकॅनिकला बोलावलं होतं. त्याच्या हस्ताक्षरातल्या पावतीवर एवढंच होतं: ‘गॅस भरला, दीड किलो’. तो गॅस आर-410ए. शंभर वर्षांत हवा किती तापवतो या हिशेबाने त्याचा एक किलो म्हणजे 2,088 किलो कार्बन डायऑक्साइड. दीड किलो भरला म्हणजे दीड किलो आधी हवेत निसटला होता, म्हणजे 3.1 टन. आमच्या व्हॅनने वर्षभरात 1,300 लिटर डिझेल जाळलं, त्याचे होतात 3.5 टन. व्हॅनचा धूर सगळ्यांना दिसतो. एसीमधून जवळपास तेवढंच गेलं आणि वासही आला नाही. तुमच्या कामाच्या जागी एसी किंवा शीतगृह असेल तर दुरुस्तीच्या पावत्या आधी काढा. बहुतेक ऑनलाइन कॅल्क्युलेटर हा प्रश्न विचारतच नाहीत.

कॅल्क्युलेटरवरून आठवलं. एकाच विमानप्रवासाचा आकडा मी तीन ठिकाणी काढून पाहिला. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा यांत जवळपास दुपटीचा फरक. खोटं कोणीच बोलत नव्हतं. एकाने फक्त इंधन धरलं होतं. दुसऱ्याने उंचावर विमानामागे उमटणाऱ्या ढगांच्या पट्ट्यांचा आणि इतर परिणामांचा भार वर चढवला होता. तिसऱ्याने वरच्या वर्गाची सीट जास्त जागा खाते म्हणून तिच्या वाट्याला जास्त धूर टाकला होता. मी मोठा आकडा घेतला. पैशांचा फरक किरकोळ होता आणि स्वतःला सूट देण्यात अर्थ नव्हता.

10 फेब्रुवारीला बेरीज हातात आली. घर: पेट्रोल 1.4 टन, गॅस 0.3, वीज 2.1, विमान 3.2, म्हणजे सुमारे सात टन. अन्न, कपडे, फर्निचर यांत नाही. छापखाना: कागद 22, वीज 9, व्हॅन 3.5, एसी 3.1, एकूण 37.6 टन. भरपाईसाठी जे विकत घ्यायचं ते क्रेडिट पूर्ण टनातच असतं, म्हणून छापखान्याला 38 आणि घराला एक वरचा धरून 8.

इथे भावाने पहिल्यांदा कामाचा मुद्दा काढला. “गळका एसी तसाच ठेवून त्याचा दंड भरत बसायचं का?” खरंच होतं. म्हणून महिनाभर खरेदी थांबवली. एसीचा सांधा बदलला, तो खर्च नंतरच्या अख्ख्या ऑफसेटच्या निम्म्यानेही नव्हता. व्हॅनच्या रोजच्या दोन फेऱ्यांची एक केली. प्रुफं माणसाकरवी पाठवायची बंद करून स्क्रीनवर दाखवायला लागलो. दोन जुने ग्राहक कुरकुरले, मग रुळले. घरी एक विमानप्रवास रेल्वेवर आणला. यातलं काहीच 2024 च्या आकड्यातून वजा होत नाही, तो धूर जाऊन बसलाय. पण खरेदीच्या आधी हे केलं नसतं तर नंतर केलं नसतं, हे मी स्वतःला ओळखून सांगते.

आता क्रेडिट कोणतं घ्यायचं. या टप्प्यावर मी तीन आठवडे अडकले, आणि रात्रीची झोपही थोडी गेली.

कल्पना साधी आहे. दुसरीकडे कोणीतरी एक टन कार्बन डायऑक्साइड किंवा तेवढ्याच परिणामाचा दुसरा वायू हवेत जाण्यापासून रोखतो, किंवा हवेतून काढून घेतो. त्याची तपासणी होते, नोंदणी संस्था त्याला अनुक्रमांक देते आणि आपण तो टन विकत घेतो. व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या त्यांतल्या मोठ्या संस्था. गोल्ड स्टँडर्ड 2003 पासूनची आहे. सगळं घोडं अडतं ते ‘रोखला’ या शब्दापाशी. न घडलेल्या गोष्टीचं माप कसं घ्यायचं? प्रकल्प नसता तर काय झालं असतं, ही एक कल्पित गोष्ट रचावी लागते. तिला बेसलाइन म्हणतात. बेसलाइन जितकी भयाण रंगवाल तितकी क्रेडिटं जास्त. हे लक्षात आल्यावर मी प्रकल्पांची रंगीत माहितीपत्रकं वाचणं सोडून दिलं.

जंगल वाचवण्याची क्रेडिटं फोटोत सर्वांत देखणी. जानेवारी 2023 मध्ये गार्डियन, डी त्साइट आणि सोर्समटेरियल या माध्यमसंस्थांनी मिळून केलेल्या शोधात व्हेराच्या वर्षावनांच्या क्रेडिटांपैकी 90 टक्क्यांहून जास्त पोकळ असल्याचा निष्कर्ष निघाला. व्हेराने तो फेटाळला, पण नंतर त्यासाठीची पद्धत बदललीही. शिवाय झाडं जळतात. 2021 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या बूटलेग वणव्यात ऑफसेटसाठी नोंदवलेलं जंगल जळालं. अशा वेळेसाठी प्रकल्पांकडून काही क्रेडिटं बाजूला काढून राखीव साठा ठेवतात. ती एक प्रकारची विम्याची गंगाजळी. पण मी आज सोडलेला धूर शतकानुशतकं राहणार आणि त्याची भरपाई एका उन्हाळ्यात राख होऊ शकते, हे मला पटेना.

सुधारित चुलींच्या क्रेडिटांवर माझा जीव होता, कारण धूर कमी झाला की बायकांच्या छातीचा त्रास कमी होतो. पण जानेवारी 2024 मध्ये नेचर सस्टेनेबिलिटी या संशोधनपत्रिकेत आलेल्या अभ्यासाने नमुन्यातल्या प्रकल्पांना सरासरी 9.2 पट जास्त क्रेडिटं दिली गेल्याचं दाखवलं. चूल वाटली म्हणजे रोज वापरली, असं अनेक हिशेबांत धरलेलं असतं. इंधन प्रत्यक्ष मोजणारे प्रकल्प बरे, असंही त्याच अभ्यासात आहे. चूल चांगली असू शकते आणि तिच्यावरचं क्रेडिट फुगवलेलं असू शकतं, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असतात, हे पचायला मला वेळ लागला.

सौर-पवन सर्वांत स्वस्त. एक-दोन डॉलरला टन मिळत होता. स्वस्त का? कारण आज हे प्रकल्प क्रेडिटच्या पैशांवाचूनही उभे राहतात. मी पैसे दिले नसते तरी ती पवनचक्की फिरलीच असती, मग मी केलं काय? यालाच अतिरिक्तता म्हणतात, आणि एकच कसोटी लक्षात ठेवायची तर हीच ठेवा. बाजारावर देखरेखीसाठी उभ्या राहिलेल्या आयसीव्हीसीएम या मंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये अक्षय ऊर्जेच्या तेव्हाच्या आठ पद्धतींना आपला शिक्का नाकारला, तो याच कारणाने. बाजारातली जवळपास एक तृतीयांश क्रेडिटं त्या पद्धतींची होती.

अशा वाचनाने माणूस हताश होतो. नोव्हेंबर 2024 मध्ये नेचर कम्युनिकेशन्समधल्या आढाव्याने तर तपासलेल्या प्रकल्पांच्या क्रेडिटांपैकी 16 टक्क्यांहूनही कमी खऱ्या घटीची असल्याचं म्हटलं. एका रात्री मी भावाला म्हणाले, “नाही लिहू आणि सुटू.” तो म्हणाला, “जे सोळात बसतील ते शोध ना.”

मग उलट्या बाजूने शोधलं: क्रेडिटशिवाय ज्या कामातून कोणालाच कमाई नाही असं काम कोणतं? दोन सापडली. एक, जुन्या कचरा डेपोतून निघणारा मिथेन गोळा करून जाळणं. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 27 ते 30 पट तापवतो, तो जाळला की उरतो कार्बन डायऑक्साइडच. नळ्या घालून तो नुसता जाळण्यात डेपोला काही मिळत नाही. मात्र तिथल्या कायद्यानेच तो जाळणं सक्तीचं नाही ना, आणि त्यावर वीज करून विकत नाहीत ना, हे प्रकल्पाच्या कागदांत बघावं लागतं. सक्ती असेल तर अतिरिक्तता संपली. दुसरं, ओझोनला घातक अशा जुन्या शीतक वायूंचे साठे शोधून नष्ट करणं. हे वायू वापरातून गेले तरी टाक्यांत पडून असतात आणि गळत राहतात. आमच्या एसीचा किस्सा ताजा असल्याने हे मला लगेच पटलं. आयसीव्हीसीएमने जून 2024 मध्ये ज्या पहिल्या पद्धतींना मान्यता दिली त्यांत या दोन्ही होत्या.

छापखान्यासाठी 34 टन मिथेन जाळण्याच्या क्रेडिटांतून आणि 4 टन शीतक नष्ट करण्याच्या, असं ठरलं. घरासाठी 7 टन शेणाच्या बायोगॅसचे, आणि एक टन बायोचारचा, म्हणजे काडीकचऱ्याचा कोळसा करून कार्बन मातीत बसवायचा. तो एकटा टन उरलेल्या सातांच्या बेरजेहून महाग पडला. का घेतला? हवेतून खरोखर काढून घेतलेला आणि दीर्घकाळ टिकणारा टन केवढ्याला पडतो ते एकदा खिशाला कळावं म्हणून.

11 मार्चला खरेदी केली. घराचे सात टन गोल्ड स्टँडर्डच्या स्वतःच्या विक्रीपानावरून घेतले, तिथे एकेक टनही मिळतो. छापखान्याचे एका मध्यस्थ विक्रेत्याकडून, कारण नोंदणी संस्थेत स्वतःचं खातं उघडायचं शुल्क आमच्या 38 टनांना परवडणारं नव्हतं. विक्रेत्याचं कमिशन होतंच, शिवाय परकी चलनाचा अधिभार कार्डवाल्याने लावला, जो किमतीत कुठेच दिसत नव्हता. हिशेबनिसांचा पहिला प्रश्न: “हे दान की खरेदी?” दान नव्हे, सेवा विकत घेतल्याचा खर्च, आणि त्यासाठी विक्रेत्याचं रीतसर बिल लागतं. ते आधी मागा. आम्ही नंतर मागितलं आणि नऊ मेल झाले.

पैसे भरल्यावर दहा मिनिटांत छापखान्याचं सर्टिफिकेट आलं. हिरवं पान, सोनेरी कडा, आमचं नाव, 38 टन. अनुक्रमांक नाही. क्रेडिट विकत घेणं आणि ते वापरून बाद करणं, म्हणजे रिटायर करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिटायर झालं नाही तर तोच टन उद्या दुसऱ्याला विकता येतो. 13 मार्चला मी विचारलं, “रिटायर झाल्याची नोंद कुठे आहे?” उत्तर 22 ला आलं: आम्ही तिमाहीअखेरीस सर्व ग्राहकांचं एकत्र करतो. म्हणजे तोवर माझ्या हातात होतं ते हिरवं पानच. 31 मार्च गेला. दोन स्मरणपत्रं झाली. 17 एप्रिलला मेल आला, आणि त्यात एक दुवा.

नोंदणी संस्थेच्या सार्वजनिक पानावर रिटायर झालेल्या प्रत्येक क्रेडिटची एक ओळ असते, ती कोणालाही लॉगिनशिवाय बघता येते. प्रकल्प क्रमांक, घट कोणत्या वर्षातली, किती टन, अनुक्रमांक इथून इथपर्यंत, रिटायर केल्याची तारीख, कोणासाठी, कशासाठी. मी बोट ठेवून एकेक रकाना वाचला. पहिली ओळ 34 ची, दुसरी 4 ची, बेरीज बरोबर. अनुक्रमांकांतलं शेवटचं वजा पहिलं अधिक एक, तेही बरोबर. मग ‘कोणासाठी’ या रकान्यात आमच्या छापखान्याचं नाव, आणि त्यातलं एक अक्षर गळलेलं.

छापखान्याच्या मालकिणीच्या नावात मुद्रणदोष! दुरुस्त करा म्हणून लिहिलं. उत्तर आलं, एकदा रिटायर केलेली नोंद मागे घेता येत नाही. दुहेरी विक्री रोखायची तर कुलूप असंच हवं, हे डोक्याला कळतं, मनाला वळत नाही. शेवटी विक्रेत्याने आपल्या लेटरहेडवर पत्र दिलं, की अमुक अनुक्रमांकांची नोंद याच संस्थेची आहे. त्यात आणखी पाच आठवडे गेले. तेव्हा पैसे भरण्याआधी मेलवर तीन गोष्टी लिहून घ्या: रिटायर कधी करणार, नोंदीचा दुवा देणार का, आणि नाव नेमकं कोणत्या अक्षरांत टाकणार. घराच्या सात टनांची नोंद मात्र दुव्यासकट विनासायास आली.

मे महिन्यात भावाला दारावर ‘कार्बन न्यूट्रल छापखाना’, म्हणजे सोडला तेवढा सगळा धूर भरून काढलेला, अशी पाटी लावायची होती. मी नको म्हटलं, दोन दिवस अबोला झाला. आम्ही शाई मोजली नाही, माणसांचं येणं-जाणं मोजलं नाही, न्यूट्रल कशाच्या जोरावर म्हणायचं? शिवाय युरोपीय संघाच्या 2024 च्या एका निर्देशानुसार ऑफसेटच्या आधारावर एखाद्या वस्तूला कार्बन न्यूट्रल म्हणून विकायला 27 सप्टेंबर 2026 पासून तिथे बंदी येते आहे. ज्यांचा माल तिकडे जातो त्यांनी हे बघून ठेवावं. शेवटी पाटीऐवजी बिलाच्या तळाशी एक वाक्य आलं: ‘2024 मधील आमच्या मोजलेल्या उत्सर्जनापोटी 38 टन क्रेडिटं रिटायर केली आहेत, काय मोजलं नाही त्याची यादी मागितल्यास देऊ.’ भाऊ म्हणतो, हे वाक्य कोणी वाचत नाही. आजवर यादी एकाने मागितली.

16 जूनला फॉर्म भरला. ‘ऑफसेट करता का?’ समोर हो. सोबत बेरजेचा तक्ता, मोजलं नाही त्याची यादी, नोंदवहीतल्या दोन ओळींचे दुवे, अनुक्रमांक आणि गळलेल्या अक्षराबद्दलचं पत्र. दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या ऑफिसातून उत्तर आलं: दुवे ग्राह्य धरले जात नाहीत, कृपया सर्टिफिकेटची पीडीएफ जोडावी.

जोडली. हिरवं पान, सोनेरी कडा. त्यावर आमचं नाव अगदी अचूक आहे.